बोरगव्हाणचे हिरवे कोष

मुलांनो, हात पुढे करा पाहू. तळहात वर. आता असं समजा, की त्या तळहातावर कुणीतरी भुईमुगाच्या शेंगेएवढी एक पांढरी वस्तू अलगद ठेवली आहे. शेंगेसारखीच मधे किंचित दबलेली, पण इतकी हलकी की फुंकर मारली तर घरंगळून जाईल. कानाशी नेऊन हलवा. आत काहीतरी खुळखुळतं ना? हा रेशमाचा कोष. अळीने तोंडातून धागा काढत काढत स्वतःभोवती बांधलेलं घर.

आता खिडक्या लावून घ्या, अंधार करा, आणि कोषावर निळ्या दिव्याचा झोत टाका. कोष हिरवा दिसेल, तुतीच्या कोवळ्या पानासारखा. असा कोष आज तुम्हाला कुठल्या गावातल्या शेडमध्ये दिसणार नाही. पण तुम्ही कॉलेजात जाल तोवर दिसू लागला, तर नवल वाटू देऊ नका. ही गोष्ट त्या दिवसांतली आहे. जालन्याच्या बाजूला बोरगव्हाण नावाचं गाव आहे असं धरून चालू, आणि त्या गावात राहतात लिंबाजी मुळे. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं.

नानांचं आयुष्य रेशमात गेलं. त्यांच्या वडिलांनी माळावर तुती लावली, नानांनी शेड बांधली. अळ्यांना पाला घालायचा, त्यांनी कोष केले की वेचायचे, आणि आतला किडा पाखरू होऊन बाहेर पडायच्या आत कोष गरम हवेच्या ड्रायरमध्ये घालून वाळवायचे. पाखरू कोषाला भोक पाडून निघतं. एकदा भोक पडलं की धागा जागोजागी तुटला, आणि कोष कवडीमोल. म्हणून नानांना सगळ्यात जास्त भीती कशाची, तर कोषाच्या टोकावर दिसणाऱ्या ओल्या डागाची. आतलं पाखरू तोंडातून पाणी सोडून भिंत मऊ करू लागलं, की बाहेरून तो डाग दिसतो. तो दिसला की हातातलं ताट बाजूला सारायचं आणि ड्रायर पेटवायला पळायचं, हे नानांना वडिलांनी शिकवलं होतं.

पुढे शहरातल्या ऊतकशाळेची माणसं गावात आली. तिथे काचेच्या तबकड्यांत माणसाच्या पेशी वाढवून आजारांचा अभ्यास करत. पेशी वाढवायला त्यांना एक प्रथिन लागे. त्याला वाढघटक म्हणतात. ते आपल्या शरीरातही असतं, पण इतकं थोडं की काढून घेणं अशक्य. म्हणून शास्त्रज्ञांनी ते प्रथिन कसं बनवायचं याची माणसाच्या पेशीतली सूचना, म्हणजे जनुक, रेशमाच्या अळीत बसवली. अळीला काय, जी सूचना मिळेल ती ती पाळते. धाग्याबरोबर ती माणसाचा वाढघटकही कोषात ओतू लागली. सूचना नीट बसली की नाही हे कळावं म्हणून तिच्या जोडीला समुद्रातल्या जेलीफिशची एक सूचना दिली, हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाची. पूर्वी ज्याची चिमूट परदेशातून यायची, ते आता बोरगव्हाणच्या शेडमध्ये तुतीच्या पाल्यावर तयार होऊ लागलं.

या कोषांची तऱ्हा मात्र वेगळी. यांच्या धाग्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. कोष कात्रीने कापायचा, आतला किडा अलगद काढून ठेवायचा, आणि रिकामी टरफलं शीतपेटीत बंद करायची. मग ड्रोन येऊन पेटी घेऊन जाई. ऊन नाही, वाफ नाही, ड्रायर तर नाहीच नाही. साधं रेशीम आणि जुना ड्रायर, दोन्ही पलीकडच्या शेडमध्ये राहिले.

काढून ठेवलेले किडे सांभाळायचं काम नानांच्या नातीचं. तिचं नाव कस्तुरी. वय सांगायचं तर दुधाचे सगळे दात पडून गेलेले, आणि प्रश्न विचारायची हौस अजून तशीच. भुशाच्या ताटात ती किडे ओळीने मांडी, आणि काही दिवसांनी त्यांची पांढरी, गुबगुबीत पाखरं झाली की त्यांना नावं देई. एकाचं नाव तिने सरपंच ठेवलं होतं, कारण ते पंख फडफडवी पण जागचं हलत नसे.

"नाना," एकदा तिने विचारलं, "पेशीला खायला घातलंय तर ती आपली आपण वाढंल की. हे वाढघटकाचं खूळ कशाला?"

"लग्नात पंगतीला बसतीस ना? पानात सगळं वाढलेलं असतंय. मग लगेच खातीस का?"

"खाल्लं की आई हातावर मारती."

"का बरं?"

"अजून कुणी 'करा सुरुवात' म्हणलेलं नसतंय म्हणून."

"बस्स. वाढघटक म्हणजे ते 'करा सुरुवात'. ते ऐकू आल्याबिगर पेशी पानाला हात लावत नाही. पुढ्यात अन्न असून तशीच बसून राहती, आणि शेवटी मरून जाती."

कस्तुरीने एक पाखरू तळहातावर घेतलं. मग म्हणाली, "पण कोष गरम केले तर काय बिघडतंय?"

नानांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिच्या डोक्याला फेट्यासारखं गुंडाळलं. "प्रथिन म्हणजे एक लांबच लांब पट्टा. पण तो नुसता पडून राहत नाही, असा गुंडाळून बसतो. ठरलेली घडी, ठरलेला पीळ. पेशी त्या घडीला ओळखती. आता ही उष्णता." त्यांनी टोक धरून हिसका दिला. उपरणं तिच्या नाकावरून घसरत मांडीवर पडलं. "कापड तेवढंच राहिलं का?"

"तेवढंच."

"वजन?"

"तेवढंच. पण फेटा गेला."

"मग आता?"

"परत बांधायचा!"

"हे बांधता येतंय. भाजलेलं प्रथिन नाही येत. उकडलेलं अंडं कुणी कच्चं केल्यालं पाहिलंस का?"

असे हे दोघं. नानांना शिकवायला आवडे, आणि कस्तुरीने एखादी गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगितली की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागे.

मग ते फाल्गुनातलं लग्न आलं. गावातलं मोठं लग्न. कोष कापायला येणाऱ्या सगळ्या बाया तिकडे गेल्या. कस्तुरी आणि तिची आई वैजयंता हळदीच्या घोळक्यात. शेडमध्ये नाना एकटे, आणि वेचून ठेवलेले हिरव्या जातीचे कोष तसेच, न कापलेले. उन्हाचा तडाखा असा की आतली पाखरं वेळेआधीच जागी होऊ लागली. नाना दुपारी डुलकी काढून उठले. टोपलीतून बारीक खरखर ऐकू आली. वाकून पाहतात तर एका कोषाच्या टोकावर ओला डाग. शेजारी दुसरा.

पुढचं सगळं हातांनी केलं, डोक्याने नाही. टोपली उचलली, पलीकडच्या शेडमध्ये नेली, जाळ्यांवर कोष पसरले, ड्रायरचं दार लावलं, कळ फिरवली. पंखा घरघरू लागला आणि नानांच्या जिवाला बरं वाटलं. धागा वाचला!

कोष तापल्याचा ओळखीचा वास सुटला, तेव्हा ते रिकामी टोपली उचलून ठेवायला गेले. टोपलीला निळी पट्टी होती.

निळी पट्टी म्हणजे ऊतकशाळेचा माल.

त्यांनी दार उघडलं. कोष हाताला चटका देत होते. नानांनी ते परत टोपलीत भरले, शेडचा पडदा ओढला, निळा दिवा लावला. कोष हिरवे चमकले. सगळेच्या सगळे, पहिल्यासारखे. नानांनी मोठा श्वास सोडला. चमकतायत ना, मग झालं तर. काही बिघडलेलं नाही.

मुलांनो, इथे जरा थांबा. हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं आणि वाढघटक वेगळा, हे तुमच्या लक्षात आहेच. जेलीफिशचं प्रथिन मोठं चिवट, पुष्कळ उष्णता सोसतं. वाढघटक नाजूक. दिवा फक्त एवढंच सांगत होता, की सूचना बसलेली आहे. फेटा शाबूत आहे की सुटला, हे त्याला कुठून कळणार? नानांना हे ठाऊक होतं. कस्तुरीला त्यांनीच शिकवलं होतं. पण माणसाला एखादी गोष्ट खरी असायला नको असली, की तो आपलंच ज्ञान जरा लांब ठेवून बसतो. नानांनी दिवा मालवला.

खरं तर त्या दिवशी पाखरं निघाली असती तरी चार कोष डागाळले असते, एवढंच. धाग्याशी कुणाला काम नव्हतं. धागा वाचवायला म्हणून नानांनी धाग्याहून मोलाचं ते जाळून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायांनी कोष कापले. टरफलं शीतपेटीत गेली, किडे कस्तुरीच्या ताटात. तिने ते ओळीने मांडले आणि वाट पाहू लागली. एकही हलला नाही.

"नाना, यातलं एकबी पाखरू निघंना."

"जात कमजोर असंल," नाना म्हणाले. "हुतंय कधीमधी."

शिकवण्याच्या बाबतीत ते तिच्याशी कधीच खोटं बोलले नव्हते. तिने मान डोलावली. नानांनी सांगितलं म्हणजे तसंच असणार. मग चिंचेच्या बुडाशी खड्डा करून तिने ते किडे पुरले, वर तुतीची पानं ठेवली.

काही आठवड्यांनी डॉक्टर तबस्सुम पटेल स्वतः बोरगव्हाणला आल्या. ऊतकशाळेतलं पेशींचं काम त्यांच्याकडे. मूळच्या अंबडच्या, त्यामुळे गावात आल्या की शहराची भाषा वेशीबाहेर ठेवत. त्या दिवशी मात्र चहाचा कप तसाच निवू दिला. शेडमध्ये सगळे जमले होते, कापणाऱ्या बाया, वैजयंता, शाळेतून आलेली कस्तुरी, आणि खांबाला टेकून नाना.

"आमच्याकडं एक लहान मुलगी येती," डॉक्टर सांगू लागल्या. "तिच्या कातडीला नुसता हात लागला तरी फोड येतो. असं का होतंय ते शोधायला तिच्या कातडीचा बारीकसा तुकडा घेतला होता. त्यातल्या पेशी वाढवल्या, छान वाढत होत्या. मग नवीन वाढघटक घातला. प्रमाण मोजून बघितलं, बरोबर होतं. पण पेशींनी ऐकलंच नाही. वाढायच्या थांबल्या, आणि मग एकेक करून तळ सोडून तरंगायला लागल्या. सगळ्या गेल्या. आता परत तुकडा घ्यावा लागंल."

"दुखंल तिला?" कस्तुरीने विचारलं.

"घेताना नाही, भूल देतात. पण तिची जखम लवकर भरत नाही गं. तीच तर तिची अडचण आहे." डॉक्टरांनी सगळ्यांकडे पाहिलं. "तो वाढघटक तुमच्या पेटीतला होता. मी कुणावर डाफरायला आले नाही. पेटीतल्या यंत्रानं कळवलंय की त्या खेपेला झाकण बराच वेळ उघडं होतं. काय झालं तेवढं सांगा, म्हणजे पुढं काळजी घेता येईल."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. नानांनी खांबाची टेक सोडली. सांगायचं होतं, शब्दही जुळवून झाले होते. तेवढ्यात कस्तुरी पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी उघडलं हुतं झाकण. वर्गातल्या रेहानाला हिरवा उजेड दाखवायचा हुता. तेवढ्यात शाळेची घंटा झाली अन् आम्ही पळालो. परत आल्यावर दिसलं, मग लावलं. कुणाला सांगितलं नाही." आणि मग ती रडू लागली. मोठ्याने नाही. ओठ दाबून, खांदे हलवत.

वैजयंता तिच्यावर ओरडणार, तोच डॉक्टर उठल्या आणि तिला जवळ घेतलं. "अगं, इतकी मोठी माणसं माझ्याकडं काम करतात. चूक झाली तर चार दिवस टोलवाटोलवी चालती. अन् हे लेकरू बघा." मग खांबाकडे वळून त्या म्हणाल्या, "नाना, हे तुमचं वळण."

सगळे नानांकडे बघत होते. कौतुकाने. नानांनी पुढे होऊन कस्तुरीच्या डोक्यावर हात ठेवला. "लेकराकडून हुतं असं," ते म्हणाले.

हे वाक्य आपल्याच तोंडून आलं, हे त्यांना ते बोलून झाल्यावर कळलं.

त्या दिवसापासून कस्तुरी शेडमध्ये फिरकेना. पाखरांचं ताट तिने आईच्या हवाली केलं. नाना पाला तोडायला निघाले की ती वही-पुस्तकात डोकं घाली. प्रश्न संपले. एकच राहिला, तो ती कधीही, कुठेही विचारी. नाना भाकरीचा तुकडा मोडत असताना, किंवा जनावरांना पाणी दाखवत असताना.

"नाना, त्या मुलीचा तुकडा घेतला असंल का?"

"ठाऊक नाही, बाळा."

"डावा हात असंल का उजवा?"

नाना ताटावरून उठत. लहानपणी त्यांनी चोरून ऊस खाल्ला होता, मार खाल्ला होता, ती लाज मार खाल्ल्यावर संपली होती. ही संपत नव्हती. ही जेवताना ताटात बसे, आरशात दाढी करताना समोर उभी राही. रोज सकाळी ते ठरवत, आज सांगायचं. आधी कस्तुरीला, मग डॉक्टरांना फोन. आणि रोज कुणीतरी रस्त्यात थांबवून म्हणे, "नाना, तुमची नात म्हणजे सोनं हाय बरं का," आणि सांगणं आणखी अवघड होऊन बसे. जितकं तिचं कौतुक वाढे, तितकं त्यांचं गप्प राहणं मोठं होत जाई. एकदा त्यांनी पलीकडच्या शेडमध्ये जाऊन त्या ड्रायरला कुलूप घातलं. जसं काही चूक ड्रायरची होती.

आपल्याकडे कौतुक जास्त झालं की त्याचा सत्कार होतो. बोरगव्हाणच्या शाळेनेही ठरवलं, खरं बोलणाऱ्या मुलीचा सत्कार करायचा. शाल, नारळ, आणि आजोबांना फेटा. डॉक्टर तबस्सुम पाहुण्या.

"चूक केल्यावर कुणी सत्कार करतंय व्हय?" कस्तुरी आईला म्हणाली. "मला नाही यायचं."

"गाव बोलवतंय. नाही म्हणता येत नाही," वैजयंताने तिची वेणी घट्ट ओढत सांगितलं.

पटांगणात मंडप पडला. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. तीन पायऱ्यांच्या ओट्यावर टेबल आणि माइक. फेटेवाल्याने नानांना खुर्चीत बसवलं आणि केशरी कापड झटकलं. "नाना, मान हलवू नका. लग्न तुमचंच हाय असं समजा." लोक हसले. पीळ देत देत त्याने फेटा बांधला, तुरा उभा केला. नानांच्या कानशिलांवर तो करकचला.

सरपंच उठले. "आमच्या गावात चूक केली की शाल मिळती. आता पोरं रोज चुका करतील, मास्तर, तुम्ही शाली आणून ठेवा." पुन्हा हशा. कस्तुरीच्या खांद्यावर शाल पडली. ती तिला गुडघ्यांच्याही खाली आली. नारळ दोन्ही हातांत धरून ती जमिनीकडे बघत उभी राहिली.

मग डॉक्टर बोलल्या. छान बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे, इथून पुढं लहान मुलांना या शेडमध्ये येता येणार नाही. मला वाईट वाटतं, पण इलाज नाही. दुसरी म्हणजे, कस्तुरीमुळं आम्हाला एक नवं कोडं मिळालंय. कोरड्या कोषात वाढघटक बराच काळ टिकतो असं आम्ही समजत होतो. नुसतं झाकण उघडं राहिल्यानं तो कसा बिघडला? आमची दोन माणसं आता फक्त याच प्रश्नावर काम करतायत. कळायला वर्ष लागेल, दोन लागतील. पण शोधून काढू."

टाळ्या पडल्या. नाना मात्र त्या दोन माणसांचा विचार करत होते. कुणाची तरी हुशार पोरं. सकाळी डबा घेऊन येत असतील, कोष उघडे ठेवत असतील, मोजत असतील, पुन्हा मोजत असतील. जे घडलंच नाही त्याचं कारण शोधत असतील. नानांना आजवर वाटत होतं, आपण फक्त गप्प राहिलो. आता त्यांना दिसलं, की ते गप्प राहणं त्यांच्या पाठीमागे चालत शहरात गेलं होतं आणि तिथे शिकवायला लागलं होतं. खोटं शिकवायला.

"आता नाना दोन शब्द बोलतील," मास्तर म्हणाले.

नाना माइकसमोर उभे राहिले. माइक कुंई करून ओरडला. "मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "शिकवायला थोडं येतंय. पोरांनो, माझ्या डोक्यावर काय हाय?"

"फेटा!" सतरंजी एका सुरात ओरडली.

नानांनी तुऱ्याखाली बोट घालून टोक शोधलं आणि ओढलं. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. फेटेवाला अर्धवट उठला. केशरी कापड नानांच्या खांद्यावरून, ओट्यावरून, पायऱ्यांवरून लोळत खाली धुळीपर्यंत गेलं. एक टोक त्यांच्या मुठीत राहिलं. पोरं खिदळत होती.

"आता काय हाय?"

"कापड!"

"वजन कमी झालं का?"

"नाही!"

"फेटा कुठं गेला?"

"सुटला!"

कस्तुरीने मान वर केली होती. हा धडा तिला पाठ होता.

"त्या कोषांतल्या प्रथिनाचं असंच झालं," नाना म्हणाले. "सुटलं. पण झाकणानं नाही सुटलं. ते पेटीत जायच्या आधीच सुटलेलं हुतं. ओले डाग दिसले म्हणून मी ते कोष ड्रायरमध्ये घातले. टोपलीची निळी पट्टी बघितली नाही. नंतर बघितली, अन् कळूनबी गप बसलो. डॉक्टरबाई, तुमच्या त्या दोन पोरांना थांबवा. त्यांचा वेळ मी खाल्लाय. त्या लेकराला दुसऱ्यांदा दुखंल, तेबी माझ्यामुळं."

लग्न होतं, ऊन होतं, जन्माची सवय होती, हे सगळं सांगायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

सरपंच आपल्या चपलांकडे बघू लागले. डॉक्टर तबस्सुमनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावलाच नाही. मुलं आता खिदळत नव्हती. ती मोठ्यांचे चेहरे बघत होती.

"नाना." कस्तुरीचा आवाज माइकशिवायही शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "आणि पाखरं?"

नानांना वाटलं होतं, ती आधी दुसरं काही विचारेल. "तीबी," ते म्हणाले.

"जात कमजोर हाय म्हणालात."

"खोटं बोललो."

"मी पुरली त्यांना."

"बघितलं मी. दारात उभा हुतो."

कस्तुरीने नारळ टेबलावर ठेवला. खांद्यावरची शाल काढून, चारपदरी घडी करून त्याच्याशेजारी ठेवली. "माझं मी सांगितलं हुतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. तुम्ही तिथंच हुता."

"हुतो."

"माझ्या डोक्यावर हात ठेवला तुम्ही."

नानांनी होकारार्थी मान हलवली.

ती वळली आणि पायऱ्या उतरू लागली. मागे बसलेली वैजयंता उठली, पण डॉक्टरांनी हाताने खूण करून तिला थांबवलं. नानांना वाटलं, गेली. आता ती घरी जाईल, आणि मग किती दिवस बोलणार नाही, कदाचित शिकायलाही कधी यायची नाही. तिने तसं केलं असतं तर ते तिला चूक म्हणाले नसते.

शेवटच्या पायरीखाली कापडाचं दुसरं टोक धुळीत पडलं होतं. कस्तुरी तिथे थांबली. वाकली. टोक उचलून तिने दोनदा झटकलं, धूळ उडाली. मग आईबरोबर लुगड्याची घडी घालताना धरते तसे त्याचे दोन कोपरे शोधून चिमटीत धरले. नानांकडे तिने पाहिलं नाही. पाय रोवले आणि कापड ताणलं, इतक्या जोरात की वर उभ्या असलेल्या नानांना एक पायरी खाली उतरावं लागलं.